लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीत नाळेजवळची पट्टी पुन्हा पुन्हा का उचलते?

लाकडी जहाजाची प्रतिकृती बांधताना सांगाडा उभा राहतो, डेकच्या कडेखालच्या पहिल्या दोन-तीन पट्ट्या निमूटपणे बसतात आणि साधारण चौथ्या-पाचव्या पट्टीपासून त्रास सुरू होतो. जहाजाच्या पोटाशी पट्टी नीट टेकलेली असते, पण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जाता जाता तिची एक कड बल्कहेडपासून (सांगाड्याच्या आडव्या पाटीपासून) सुटते, बाहेर फुगते आणि शेजारच्या पट्टीवर कौलासारखी चढते. दाबून धरावी तर बसते आणि क्लॅम्प काढला की पुन्हा उठते. कधी वळणावर काडकन मोडते, तर कधी त्या दिवशी बसल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांनी दोन पट्ट्यांमध्ये फट दिसू लागते. हा दोष एकदा दुरुस्त केला तरी पुढच्या पट्टीला पुन्हा येतो, आणि प्रत्येक पट्टीगणिक वाढत जातो.

बहुतेक जण अशा वेळी गोंद बदलतात. पांढरा पीव्हीए गोंद सोडून झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट घेतात, टाचण्या वाढवतात, पट्टी तासन्‌तास भिजवतात. मीही पहिल्या बांधणीत हेच केले. पट्टी त्या जागी चिकटलीही, पण तिच्यातला ताण तसाच राहिला आणि तो पुढच्या पट्टीकडे गेला. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पट्टी उचलू लागली की गोंदाची बाटली बाजूला ठेवावी आणि मोजपट्टी हाती घ्यावी.

पट्टी उचलते म्हणजे नेमके काय होते

लाकडाची पातळ पट्टी तिच्या पसरट बाजूवर सहज वाकते आणि थोडासा पीळही घेते. मात्र तिला तिच्या अरुंद कडेच्या दिशेने, म्हणजे टेबलावर आडवी ठेवून डावीकडे-उजवीकडे धनुष्यासारखी वाकवायला गेले, तर ती कडवा विरोध करते. 5 मिलिमीटर रुंद आणि 1.5 मिलिमीटर जाड पट्टीचा कडेच्या दिशेने वाकण्याला होणारा विरोध पसरट दिशेच्या अकरा पटींहून अधिक असतो, कारण तो रुंदी व जाडी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. तरीही जोर लावला, तर वळणाच्या आतल्या कडेवर दाब येतो, त्या दाबाला जायला जागा नसते आणि ती कड बाहेर फुगते. आपल्याला दिसणारे कौल ते हेच.

आता प्रश्न असा की, पट्टीला कडेच्या दिशेने वाकायला भाग कोण पाडते? जहाजाच्या अंगाचा घेर सर्वत्र सारखा नसतो. डेकच्या कडेपासून कण्यापर्यंतचे, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीभर जाणाऱ्या लाकडापर्यंतचे, अंतर पोटाशी मोठे असते आणि नाळेपाशी बरेच कमी होते. सर्व पट्ट्या मात्र आपण एकाच रुंदीच्या लावत जातो. पोटाशी पट्ट्या जेवढी जागा व्यापतात तेवढी जागा नाळेपाशी नसल्यामुळे प्रत्येक नव्या पट्टीचे टोक तिच्या नैसर्गिक वाटेवरून ढकलले जाते. पहिल्या पट्टीला हे जाणवतही नाही. पण पाचव्या पट्टीपर्यंत पाच पट्ट्यांची चूक साठलेली असते.

खऱ्या लाकडी जहाजांच्या बांधणीत कारागीर फळ्या अशा जबरदस्तीने बसवत नसत. प्रत्येक फळीचा आकार सांगाड्यावरून उतरवून घेतला जाई, ती त्या आकारात, टोकाकडे निमुळती कापली जाई आणि मगच वाफेवर मऊ करून वळवली जाई. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास वाफ, असा जुना आडाखा आहे. म्हणजे वाफ फळीला वळण देत असे, पण तिची रुंदी कारागीराला आधीच ठरवून कापावी लागे. प्रतिकृतीच्या संचात येणाऱ्या सरळ, एकसारख्या पट्ट्या पाहून ही कापणी आपल्यालाही करायची आहे, हे लक्षात येत नाही.

आधी एक परीक्षा

पुढची पट्टी कोरडीच घ्यावी. तिचा मध्य पोटाजवळच्या बल्कहेडवर एका टाचणीने धरावा आणि पुढचे टोक हाताने न ढकलता, फक्त बल्कहेडवर हलकेच टेकवत नाळेपर्यंत जाऊ द्यावे. पट्टी पसरट बाजूवर जिथे स्वतःहून जाऊन बसते, ती तिची खरी वाट. ती आधीच्या पट्टीवर किती चढते ते पेन्सिलीने खुणावावे. जेवढा भाग चढला, तेवढा भाग पट्टीतून काढून टाकायचा आहे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण दोष मापाचा आहे की अन्य कशाचा, हे त्यातून लगेच कळते. पट्टी स्वतःच्या वाटेवरही एखाद्या बल्कहेडला टेकत नसेल, तर मात्र दोष मापात नसून सांगाड्यात आहे, आणि त्याचा निकाल आधी लावला पाहिजे.

सांगाड्याची घासणी

बल्कहेडच्या कडा काटकोनात कापलेल्या असतात, तर पट्टी त्यांच्यावरून तिरकी जाते. म्हणून पुढच्या अर्ध्या भागातील बल्कहेडची पुढची धार आणि मागच्या अर्ध्या भागातील बल्कहेडची मागची धार घासून उतरती करावी लागते. किती घासावे हे डोळ्यांनी समजत नाही, पण लेझरने कापलेल्या प्लायवर त्याची सोय आपोआप झालेली असते. कापताना कड जळून तपकिरी झालेली असते. पुढच्या बल्कहेडवर पुढच्या धारेपासून घासत यावे आणि मागच्या धारेवर केसाएवढी तपकिरी रेघ उरली की थांबावे. रेघ उरली याचा अर्थ आराखड्यातला मूळ आकार शाबूत आहे. शिवाय जळकी कड गोंद नीट शोषत नाही, त्यामुळे ती घासली गेल्याने जोडही पक्का होतो.

घासण्यासाठी सँडपेपर बोटाभोवती गुंडाळू नये. लवचीक पट्टीवर 120 नंबरचा सँडपेपर चिकटवून ती एकाच वेळी तीन बल्कहेडवरून फिरवावी, म्हणजे एखादा खड्डा किंवा उंचवटा निर्माण होत नाही. अधूनमधून एक कोरी पट्टी आडवी, तिरपी, वरखाली अशी सांगाड्यावर टेकवून पाहावी. ती प्रत्येक बल्कहेडला पूर्ण रुंदीभर टेकली पाहिजे. नाळेपासूनच्या पहिल्या दोन बल्कहेडमधली पोकळी बाल्सा किंवा लिंडन अशा मऊ लाकडाच्या ठोकळ्यांनी भरून त्यांना आकार द्यावा, असे मी प्रत्येक नवशिक्याला सुचवतो. याच ठिकाणी वळण सर्वांत तीव्र असते, आणि नुसत्या दोन पातळ कडांच्या आधारावर पट्टी तिथे नीट वळत नाही, तिला कोपरा पडतो.

आणखी एक जागा वारंवार दुर्लक्षिली जाते. पट्टीचे टोक नाळेवर आणि कण्यावर जिथे संपते तिथे खाच लागते. ती नसेल तर टोक बाहेर उभे राहते आणि आपण त्याला पट्टी उचलली असे समजतो. मागच्या बाजूला तर हिशेब सरळ मांडता येतो. दुहेरी आच्छादनाच्या, म्हणजे पट्ट्यांचे एकावर एक दोन थर असलेल्या, जहाजात कण्याच्या प्लायची जाडी 5 मिलिमीटर असेल आणि दोन्ही बाजूंना 1.5 व 0.5 मिलिमीटरचे दोन थर येणार असतील, तर थरांचीच जाडी 4 मिलिमीटर होते. सुकाणूच्या खांबाची जाडीही 5 मिलिमीटर असल्यास तिथे प्लाय 1 मिलिमीटरपर्यंत पातळ केल्याशिवाय पट्ट्या खांबाशी समपातळीत येणे शक्य नाही. हे काम पट्ट्या लावण्याआधीच करावे लागते, नंतर तिथे पटाशी पोहोचत नाही.

माप घेण्याची रीत

मी 1:64 प्रमाणातील एका दोन डोलकाठ्यांच्या जहाजाच्या वेळी पहिल्यांदा नीट मापे घेतली, ती इथे देतो. कागदाची अरुंद पट्टी बल्कहेडच्या कडेवर डेकपासून कण्यापर्यंत वळवून धरली आणि दोन्ही टोकांना खुणा केल्या. पोटाशी अंतर 95 मिलिमीटर भरले, नाळेजवळच्या पहिल्या बल्कहेडवर 57 आणि शेवटच्या बल्कहेडवर 108. पट्टीची रुंदी 5 मिलिमीटर, म्हणजे पोटाशी 19 पट्ट्या. त्याच 19 पट्ट्या नाळेपाशी 57 मिलिमीटरमध्ये बसवायच्या, तर प्रत्येक पट्टी तिथे 3 मिलिमीटर रुंद हवी. मी तोवर पूर्ण 5 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या दडपत होतो, आणि त्या मोडतात याचे मला नवल वाटत होते.

मागच्या बाजूला उलटे घडते. 19 पट्ट्यांची रुंदी 95 आणि जागा 108, म्हणजे 13 मिलिमीटरची तूट. तिथे पट्टी ताणून पोकळी झाकायची नसते. पट्ट्यांना आपापल्या वाटेने जाऊ द्यावे आणि मध्ये उरणाऱ्या त्रिकोणी फटीत पाचरीच्या आकाराचे निमुळते तुकडे बसवावेत. खऱ्या जहाजांवरही असे तुकडे असत, त्यामुळे ती चूक लपवण्याची युक्ती मानू नये.

प्रत्येक बल्कहेडवर भागाकार करत बसण्यापेक्षा कागदावर एक पंखा आखून ठेवावा. एका उभ्या रेषेवर 6 मिलिमीटरच्या अंतराने 20 खुणा करून 19 भाग पाडावेत आणि सर्व खुणा दूरच्या एका बिंदूला रेषांनी जोडाव्यात. बल्कहेडचे माप उतरवलेली कागदपट्टी त्या उभ्या रेषेला समांतर धरून सरकवत न्यावी. तिच्या दोन टोकांच्या खुणा पंख्याच्या दोन बाहेरच्या रेषांवर तंतोतंत आल्या की मधल्या रेषा कागदपट्टीचे आपोआप 19 समान भाग करतात. त्या खुणा बल्कहेडवर उतरवाव्यात. अर्ध्या तासात अख्ख्या सांगाड्यावर प्रत्येक पट्टीची जागा लिहिली जाते आणि चौथ्या पट्टीला कुठे असायला हवे, याबद्दल शंका राहत नाही.

सर्व 19 पट्ट्यांचा विचार एकदम न करता अंगाचे तीन-चार पट्टे पाडले तर अधिक बरे. या तीन-चार पट्ट्यांच्या सीमांवर सुती दोरा ताणून लावावा आणि थोडे मागे सरून समोरून, बाजूने व खालून पाहावे. दोऱ्याच्या वाटेत कुठे गचका दिसला तर खूण चुकलेली असते. डोळा इथे मोजपट्टीपेक्षा तिखट असतो. एक पट्टा पूर्ण झाला की उरलेल्या जागेचे माप पुन्हा घ्यावे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जात नाहीत.

एका मर्यादेचे भान ठेवावे. नाळेपाशी पट्टीची रुंदी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये, कारण त्याहून अरुंद टोक फाटते आणि त्यात टाचणीही राहत नाही. 5 मिलिमीटरची पट्टी 2.5 पर्यंत चालते. भागाकार त्याखाली येत असेल, तर तिथे दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यावी आणि दुसरी तिच्यात खाच करून अलीकडेच संपवावी.

कण्याला लागून असलेल्या सर्वांत खालच्या पट्टीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. तिचे पुढचे टोक कण्याच्या वळणासोबत नाळेवर वर चढवण्याचा मोह जवळपास प्रत्येकाला होतो. ती वर चढली की वरून येणाऱ्या सर्व पट्ट्यांची नाळेवरची जागा तिने खाल्लेली असते. तिचे टोक कण्याचे वळण जिथे सुरू होते त्याच्या आसपासच संपवावे. माझ्या पाहण्यात आलेल्या बिघडलेल्या नाळांपैकी बऱ्याच ठिकाणी मूळ दोष वरच्या पट्टीत नसून या खालच्या पट्टीत निघाला आहे.

कापणे, भिजवणे, वळवणे

निमुळतेपणा पट्टी कोरडी असतानाच द्यावा. बल्कहेडवरच्या खुणा पट्टीवर उतरवून एकाच कडेने कापावे, दोन्ही कडांनी नव्हे, आणि कोणती कड कापायची हे अखेरपर्यंत एकसारखे ठेवावे. धारदार पात्याने खुणेच्या किंचित बाहेरून कापून, पट्टी दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये आवळून, शेवटचा अंश लहान रंध्याने किंवा सँडपेपर लावलेल्या ठोकळ्याने काढावा. तंतू ज्या बाजूला उतरतात त्याच बाजूला पाते ओढावे, नाहीतर पाते तंतूंमागे आत शिरते आणि पट्टी वाया जाते. जिथे अंगाला गोलाई आहे तिथे आतला कोपरा किंचित तिरका घासला, तर बाहेरून दोन कडा मिटून बसतात.

मग भिजवणे. 1.5 मिलिमीटर जाडीच्या लिंडनच्या पट्टीला कोमट पाण्यात 20 ते 30 मिनिटे पुरतात, 0.5 मिलिमीटरच्या अक्रोडाला काही मिनिटेच. रात्रभर भिजवून काहीही अधिक मिळत नाही, कारण लाकडाला वळण देते ती उष्णता आणि पाणी तिला फक्त साहाय्य करते. ओलसर लाकूड तापले की तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन मऊ होते, आणि थंड झाल्यावर त्याच वळणात घट्ट होते. पाण्यात घरगुती अमोनिया घालण्याचा सल्ला फिरत असतो. तो सौम्य द्रावणाच्या रूपात वळवण्यास फारसा उपयोगी पडत नाही, काही लाकडांचा रंग मात्र काळवंडवतो आणि श्वासाला त्रास देतो. तो टाळावा.

भिजलेली पट्टी तापलेल्या वळणयंत्रावर, किंवा गोल ठोकळ्यावर धरून इस्त्रीच्या टोकाने, हळूहळू पुढे सरकवत वळवावी. हाताला ती एकदम सैल पडल्यासारखी जाणवते, तो क्षण ओळखायला शिकावे. त्याआधी जोर लावला तर बाहेरच्या अंगाचे तंतू तुटतात. वाफेने मऊ झालेले लाकूड दाबाखाली बरेच आखडू शकते, पण ताणाखाली जेमतेम एक-दोन टक्केच लांबते, म्हणून पट्टी नेहमी बाहेरच्या अंगानेच मोडते. हवे त्यापेक्षा थोडे अधिक वळण द्यावे, ते थोडे परत सुटते. ठरावीक अंतरावर चिरा पाडून वळवणारी पक्कड मिळते, पण तिने वळण सलग न येता तुकड्या-तुकड्याने येते आणि प्रत्येक चिरेपाशी पट्टी दुबळी होते. आतून लपणाऱ्या पहिल्या थरापलीकडे तिचा वापर करू नये.

ओली पट्टी तशीच चिकटवणे, हे दोन दिवसांनी दिसणाऱ्या फटीचे कारण आहे. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीच्या दिशेने पाणी पिऊन चांगलेच फुगते. 5 मिलिमीटरची लिंडनची पट्टी भिजल्यावर सुमारे दोन दशांश मिलिमीटरने रुंद होऊ शकते. तशी चिकटवली की वाळताना ती तेवढीच आक्रसते, आणि 19 पट्ट्यांचा हिशेब केला तर साडेतीन मिलिमीटरहून अधिक फट अंगभर वाटली जाते. 1628 मध्ये बुडालेल्या स्वीडनच्या वासा या युद्धनौकेचे लाकूड 1961 मध्ये वर काढल्यावर थेट वाळू दिले नाही, ते आक्रसून फाटू नये म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण 17 वर्षे फवारले गेले. आपल्याला तर केवळ एक रात्र थांबायचे असते. वळवलेली पट्टी जागेवर क्लॅम्पने धरून पूर्ण वाळू द्यावी, मग काढून गोंद लावावा. कोरडी पट्टी जोर न लावता आपल्या जागी राहिली तर ती तयार आहे.

चिकटवणे

असे झाल्यावर गोंदाचे काम हलके होते. पहिल्या थराला पांढरा पीव्हीए गोंद उत्तम, कारण तो सरकवून जागा जुळवायला वेळ देतो. बल्कहेडवर आणि शेजारच्या पट्टीच्या कडेवरही पातळ थर लावावा. टाचणी पट्टीच्या आरपार न ठोकता तिच्या कडेला लागून बल्कहेडमध्ये अशी खोचावी की डोके पट्टीला दाबून धरेल. आरपार ठोकायचीच असेल तर आधी 0.5 मिलिमीटरचे भोक पाडावे. सायनोॲक्रिलेटचा जोड ठिसूळ असतो, सततची ओढ सहन करत नाही, आणि पृष्ठभागावर सांडला तर तिथे नंतर रंग किंवा तेल शोषले जात नाही. त्याचा एखादा थेंब टोक धरण्यासाठी वापरावा, पण खिडकी उघडी ठेवून.

डाव्या बाजूला एक पट्टी लावली की पुढची उजव्या बाजूला, हा क्रम मोडू नये. एका बाजूला पाच-सहा पट्ट्या सलग चढवल्या तर कणा धनुष्यासारखा वाकतो, आणि पुढे काहीही केले तरी तो सरळ होत नाही.

आधीच बिघडलेल्या नाळेचे काय

दुहेरी आच्छादन असेल आणि पायरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तर पहिला थर घासून, खळगे लाकडाच्या पुटीने भरून सपाट करता येतो. 1.5 मिलिमीटरमधून एवढे घासले तरी पुरेसे लाकूड उरते. बोटांची पेरे डोळे मिटून त्यावरून फिरवावीत. जे डोळ्यांना दिसत नाही ते पेरांना लागते, आणि 0.5 मिलिमीटरच्या वरच्या थरातून ते सगळे पुन्हा उमटते.

पायरी त्याहून मोठी असेल, किंवा एकाच थराचे जहाज असेल, तर पट्ट्या काढाव्यात. पीव्हीएच्या जोडावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून दहा-पंधरा मिनिटे थांबले की गोंद मऊ होतो आणि पातळ पाते आत घालून पट्टी उचलता येते. सायनोॲक्रिलेटला ॲसिटोन लागते. ही दोन्ही द्रव्ये ज्वालाग्राही आहेत, त्यामुळे जवळ तापलेली इस्त्री नको. जिथे पट्टी उचलायला सुरुवात झाली तिथवर नव्हे, तर त्याच्या दोन पट्ट्या आधीपर्यंत मागे जावे, कारण चूक दिसते त्याआधीच ती घडलेली असते. मग उरलेल्या जागेचे माप नव्याने घेऊन, उरलेल्या पट्ट्यांच्या संख्येने भागून पुढे जावे. माझ्या त्या जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या मिळून अकरा पट्ट्या मी काढल्या. नव्या पट्ट्या 3 मिलिमीटरपर्यंत निमुळत्या करून लावल्या, तेव्हा नाळेपाशी त्या बोटाच्या हलक्या दाबाने बसल्या, आणि पट्टी अजिबात न मोडता दोन्ही बाजूंचे काम पूर्ण झाले.